पोच मिळाली : एक बैल

शुल्काची खिडकी, क्रमांक तीन.
ऑगस्टमधला गुरुवार, गाबोरोनभर धूळ,
रांग जिन्याखाली वळलेली, संगणक पुन्हा झोपलेला.
काचेखालच्या फटीतून म्हाताऱ्यानं आत सरकवली
एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी,
आणि तिच्यात जपलेला कागद :

'मोलाटलेगी केओफिले, राहणार शोशोंग, यांजकडून
विद्यापीठासाठी एक बैल. पोच मिळाली.'
खाली शिक्का. सही कुणाची, वाचता येत नाही.

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.
पण गोष्ट ऐकून होतो, इथं सगळेच ऐकून असतात :
देश नवा, तिजोरीत खडखडाट,
तेव्हा माणशी एक जनावर मागितलं गेलं.
कुणी ज्वारी दिली, कुणी टोपलीभर अंडी.
गुरं देऊन गुरुजी आणले आम्ही,
असं आमचे लेखापाल पार्टीत सांगतात
आणि दुसरा पेला भरतात.

'आजोबा, या पावतीवर फी माफ होत नाही.'
'माफी कुणी मागितली?
काळा-पांढरा होता. फात्श्वाना म्हणायचो.
नांगराला कायम डाव्या अंगानं.
ट्रकमध्ये चढला आणि मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं.
कुठं आहे तो, तेवढं दाखव.'

जुन्या दप्तराच्या खोलीत वाळवीनं आधीच अभ्यास उरकला होता.
एक वही मिळाली, तिच्यातलं शोशोंगचं पान नव्हतं.
मग जेवणाच्या सुट्टीत मीच निघालो त्याला घेऊन.
ग्रंथालय. नवी इमारत. तिच्याहून नवी,
जिचा लिफ्ट उद्‌घाटनापासून बंद.
दोनशेंच्या वर्गात पाचशे बसलेले,
पायऱ्यांवर, खिडकीत, एकमेकांच्या वह्यांवर.
तास सुटला, सगळी पोरं एका नळाकडे धावली.

म्हातारा बराच वेळ बघत राहिला.
'कळप चांगला वाढलाय,' म्हणाला,
'पाणवठा तेवढाच ठेवलात.'

तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं,
आमच्या मागे चार पावलं अंतर ठेवून एक मुलगी चालतेय.
बोइत्शेपो, त्याची नात.
संख्याशास्त्र, पहिला वर्ग, तीन वर्षांपूर्वी.
बस अड्ड्यावर छत्रीखाली मोबाइलची रिचार्जं विकते.
गुणपत्रिकेची दुसरी प्रत काढायला आली होती,
पहिली अर्जाअर्जांत झिजून गेली.

'घरात दोन कागद,' म्हातारा म्हणाला,
'एक माझा, एक हिचा.
बँकवाला दोन्ही उलटसुलट करून बघतो
आणि दोन्ही परत देतो.'
मुलगी म्हणाली, 'चला ना आता.'
'थांब. ती मॉलच्या वरच्या मजल्यावर
नवीन विद्यापीठं उघडलीत म्हणे, जाहिरात असते रेडिओवर.
त्यांना बैल कुणी दिले?'

मला काय विचारतोस, बाबा.
माझी पदवी रात्रीच्या वर्गाची,
खिडकीच्या या बाजूला यायला मला अकरा वर्षं लागली,
आणि खुर्चीचं एक चाक अजून माझं नाही.

परतलो तेव्हा संगणक जागा झाला होता.
म्हाताऱ्यानं पावती पुन्हा पुढे केली :
'येऊन पाहून गेला, असं लिही. शिक्का मार.'
असा काही शिक्का नसतो.
तारखेचा होता, तो मारला, जरा वाकडा बसला.
मग वाटलं, नोंद तरी असू दे कुठंतरी.
नाव घातलं, गाव घातलं.
पडद्यावर चौकट उघडली : रक्कम. फक्त आकडे चालतील.

रांगेतून कुणीतरी ओरडलं, खिडकी चालू आहे का बंद.
मी 'एक' दाबलं.
काचेला नाक लावून म्हातारा वाचत होता.
'एक काय?' त्यानं विचारलं.